शनिवारचं तेल

मिथुनच्या वॉटर स्कूटरच्या टाकीतून इंजिनचं तेल गळायचं, तेही नेमकं शनिवारी, आपटा गावच्या नदीकाठच्या रिसॉर्टवर गर्दी असताना. टाकीतली हवा सोडणारी नळी त्याने बदलली, क्लिपा आवळल्या. आठवडाभर थेंब नाही, शनिवारी नदीवर तवंग. रिसॉर्टच्या मालकाने बजावलं, “आज गळलं तर स्कूटर उचलायची.” मिथुनने डबा घेऊन आलेल्या बायकोला विचारलं, “टाकी किती भरतेस?” “शुक्रवारी काठोकाठ. शनिवारी तेल विकत आणू नये, ठाऊक नाय तुमाला?” “अगो, उन्हात तेल फुगतं, त्याला वर जागा नको?” एवढ्यात मालक येताना दिसला. बायकोने जेवणाच्या डब्यातली वाटी गळत्या नळीखाली ठेवली, तेलात काठावरच्या रुईचं पान सोडलं आणि हात जोडले. तावातावाने आलेला मालक इंजिनावर वाकला, वाटी पाहून थबकला आणि चपला काढून म्हणाला, “शनिदेवाचं? माझी साडेसाती चालू आहे. थोडं माझ्या नावानेही गळू द्या.”