आधी झाडू, मग नाक

टण्ण!

भर दुपारच्या शांततेत झाडूचा दांडा ओट्यावरच्या पातेल्यावर आपटला आणि विमानात इंधन भरणारी ती बाई स्वतःच्याच स्वयंपाकघरात चोरासारखी थिजली. व्हायचं तेच झालं. आतल्या खोलीतून सासूबाई डोळे चोळत आल्या आणि त्यांच्यामागून, झोपेचं सोंग टाकून, पाच वर्षांची लेक.

"भूत झाडतेयस की काय?" सासूबाईंनी विचारलं. झाडू जमिनीला टेकलेला नव्हता. सुनेनं तो दोन्ही हातांत भाल्यासारखा पुढे धरला होता.

"सराव करतेय, आई. उद्या परीक्षा आहे."

नऊ वर्षं ती विमानांत केरोसीन भरत होती. गळती कुठे आहे हे तिच्या नाकाला यंत्राआधी कळायचं. आता कमी पल्ल्याची विमानं हायड्रोजनवर चालणार होती आणि केरोसीनच्या पंपावरची माणसं निम्मी होणार होती. हायड्रोजनला वास नाही. पेटला तरी जाळ दिसत नाही, उन्हात तर मुळीच नाही. तपासायला उष्णता टिपणारा कॅमेरा असतो. तो बंद पडला तर झाडू. झाडू पुढे धरून एकेक पाऊल सरकायचं, काड्यांनी पेट घेतला की समजायचं.

हायड्रोजनच्या कामासाठीच्या पहिल्या परीक्षेत ती नापास झाली होती. "ताई, तुमचं नाक झाडूच्या पुढे पळतंय," शिकवणारा म्हणाला होता. "त्याला आता रजा द्या." उद्याची संधी शेवटची.

"एवढं शिकून शेवटी झाडूच आला हातात," सासूबाई पुटपुटल्या. पण पातेलं उचलून त्यांनी वाट मोकळी करून दिली.

"मी जाळ!" लेक म्हणाली. "तू डोळे मीट."

तिनं मिटले. एक पाऊल. दोन.

"मान मागे!" सासूबाई कडाडल्या. "निघालीस परत हुंगायला."

तिनं मान मागे घेतली. चौथ्या पावलाला काड्यांना काहीतरी मऊ लागलं आणि ती जागीच थांबली. नाक चांगलं हातभर मागे होतं.

"पेटला!" लेक किंचाळली. "आता काय करायचं?"

"आता झाडू टाकायचा आणि आल्या वाटेनं मागे जायचं. थेट फाटकापर्यंत. मध्ये थांबायचं नाही, वळून बघायचं नाही." पाठ केलेलं घडाघडा बाहेर आलं.

"झालीस पास," सासूबाई म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला वळल्या.

लेक मात्र जागची हलली नाही. आपल्या पायावर टेकलेल्या काड्यांकडे ती बघत राहिली.

"आणि जाळाच्या पलीकडे मी असले तर?"