बांधापलीकडची फेरी

दर येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, युसूफ वडगाव या गावचा शहादेव रानात लक्ष्मी पुजायचा आणि आंबील शिंपडत आपल्या रानाला फेरी घालायचा. पण बांधाशी आला की बांध ओलांडून तो शेजारच्या आसारामाच्या ज्वारीत वीस पावलं आत शिरायचा आणि तिथून चालायचा.

"ह्याचा डोळा माझ्या रानावर हाय," आसाराम म्हणे. निजाम सरकारने विमानातून शिवाराचे फोटो काढल्याचे कळताच त्याने तहसिलीत नकलेचा अर्ज दिला. नक्कल घ्यायला जाताना तो मुद्दाम शहादेवालाही सोबत घेऊन गेला.

तहसिलीतल्या पेशकार कारकुनाने फोटोवर भिंग धरले. "आजचा बांध हा. अन् ही फिकट रेघ जुन्या बांधाची. बांध मोडला तरी पिकात खूण राहते, ती वरून दिसते. तुमच्या ज्वारीत हाय, आसाराम. वीसेक पावलं आत."

आसारामाने भिंग घेऊन रेघ पाहिली आणि भिंग खाली ठेवले. "इतकी वर्सं बोलला काहून न्हाईस बे?"

"काय बोलू?" शहादेव म्हणाला. "तुझ्या बापानं बांध सरकवला, माझ्या बापानं फेरी न्हाई सरकवली. म्या आपला त्याच्या पावलावर चालतो."

पुढच्या येळवशीला शहादेवाला बांध ओलांडावा लागला नाही.