ट्रेमधली खडी

"गाडीवरनं पडली ओ," संगमेश म्हणाला. शाइस्ता सिस्टरने पेन उचललंच नाही.

सकाळची ड्यूटी संपायला वीस मिनिटं होती. पाय भरून आले होते, आणि सोलापूरचं ऊन असं, की कॅज्युअल्टीतला पंखासुद्धा गरम वारा फेकत होता. समोरच्या स्टुलावर जगदेवी बसली होती, पदर अंगभर लपेटून, उजवा हात पोटाशी धरून. शाइस्ताने तिला लगेच ओळखलं. दोन वर्षांत ही बाई चौथ्यांदा आली होती. पहिल्यांदा मनगट, मग दोन बरगड्या, दिवाळीनंतर जबडा. दर वेळी नवरा सोबत, आणि दर वेळी त्याचं हेच वाक्य.

त्या तिन्ही वेळी शाइस्ताच ड्यूटीवर होती. बावीस वर्षांच्या नोकरीत तिने गाडीवरून पडलेली माणसं ढिगाने पाहिली होती. पडलेल्या माणसाच्या अंगावर रस्ता येतो. कोपर सोललेलं असतं, कपडे फाटलेले असतात, जखम धुतली की खडी निघते. जगदेवीच्या अंगावर कधी धुळीचा कणही नव्हता आणि संगमेशच्या शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडलेली नसायची. एकदा त्याला औषधं आणायला पिटाळून शाइस्ताने तिला विचारलंही होतं. भिंतीकडे बघत ती म्हणाली होती, "गाडीवरनंच पडले, सिस्टर." मग काय, शाइस्ताने तेच लिहिलं. तिन्ही वेळा, स्वतःच्या अक्षरात. तिसऱ्यांदा लिहून घरी गेली तेव्हा तिला जेवण गेलं नव्हतं.

आज मात्र तिचं डोकं फिरलं. चौथ्यांदा हे खोटं आपल्या हातून लिहायचं नाही, एवढं तिने ठरवून टाकलं. दवाखान्याच्या चौकीतल्या तिप्पण्णा हवालदारांना निरोप धाडला आणि जुने तिन्ही केसपेपर काढून टेबलावर मांडले.

हवालदार म्हटल्यावर संगमेश गडबडला. "अवो, खरंच पडली. होटगी रोडला काम चालू हाय न्हवं, तितं खडीवर गाडी घसरली. माझा बी गुडघा बघा की."

शाइस्ताने बघितला नाही. "तुमच्या मिसेस दर वेळी खरंच पडतात," ती म्हणाली.

तो बायकोकडे वळला. "सांग की गं त्यांना." त्याने दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा तर हात जोडून. जगदेवी त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिली. हे हात असे जोडलेले तिने कधी पाहिले नसावेत.

"हात हलवू नका. आधी जखम धुते, मग धनुर्वाताचं इंजेक्शन, मग एक्स-रे," शाइस्ता सवयीने बोलत गेली. तिने पदर बाजूला केला. कोपरापासून खांद्यापर्यंत कातडी सोलून निघाली होती. रागाच्या भरात तिने इतका वेळ बाईकडे धड पाहिलंच नव्हतं. तिने सलाईन ओतलं. खालच्या ट्रेमध्ये टण्ण आवाज झाला. मग आणखी एक. काळी, बारीक खडी.

शाइस्ताचा हात थांबला. बाई खरंच पडली होती. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं ते एवढंच, की हा माणूस आजही सुटला. सगळा थकवा एकदम खांद्यावर येऊन बसला.

तिप्पण्णा हवालदार आले, खुर्ची ओढून बसले, नोंदवही उघडली. "काय लिहायचं, सिस्टर?"

"गाडीवरून पडल्यात," शाइस्ता खालच्या मानेने म्हणाली. "जखमेत खडी आहे. खरंच पडल्यात."

"मी तेच म्हनत हुतो की," संगमेश म्हणाला आणि कपाळाचा घाम पुसून भिंतीला टेकला.

"बाईंच्या तोंडून ऐकावं लागतं," हवालदार म्हणाले. "बोला ताई, कशानं लागलं?"

जगदेवी ट्रेमधली खडी बघत होती. तिने डाव्या हाताने टेबलावरचे जुने तिन्ही केसपेपर हवालदारांपुढे सरकवले.

"लिवा साहेब, गाडीवरनं पडले," ती म्हणाली. "आज पयल्यांदाच."