काय खायचं

बोरिवलीतल्या माझ्या डाएट क्लिनिकमध्ये लवूकाका परब पहिल्यांदा आले, तेव्हा वजन शहाण्णव किलो होतं आणि साखर अगदी काठावर. मी त्यांना मोठ्या अक्षरांत 'काय खायचं' असा तक्ता लिहून दिला. रक्तातली साखर सावकाश चढेल असंच सगळं त्यात होतं. रात्री आठला दोन नाचणीच्या भाकऱ्या, मुगाची उसळ आणि वाटीभर काकडी.

महिन्याभराने काटा नव्याण्णववर! माझी डिग्रीच पाण्यात गेल्यासारखं वाटलं.

"काका, खरं सांगा, तक्ता पाळता ना?"

"एक दिस चुकवूक नाय. इचार हिका."

जानकीकाकूंनी जोरात मान हलवली. "सिरियल अर्धी सोडून उठतत. आठ वाजले की भाकरी."

"वडापाव? फरसाण? गुपचूप फ्रिज उघडणं?"

"देवाशपथ नाय!"

"मग भाकरी-उसळीनंतर काय खाता?"

काकांना माझा संशय फारच लागला.

"मगे काय्येक खाणंय नाय, गो बाय. मगे सरळ भात वाढून घेतंय आणि जेवतंय."