शम्माची पट्टी

दापोलीत हमिदाबी कोळंबी सोलत बसल्या होत्या, तेवढ्यात आखातातून मनगटपट्टीचा फोन आला. तिथल्या कायद्याने प्रत्येक मुलाच्या हातात ती असे. मूल घाबरलं, की ज्याच्या आवाजाने त्याची नाडी शांत होते त्यालाच ती फोन लावी. पाच वर्षांच्या शम्माला सांभाळायची नोकरी संपवून हमिदाबी परतल्याला सात महिने झाले होते.

"हमिदा, मला भीती वाटते."

"ममा कुठाय?"

"दारात उभी आहे."

"जवळ बोलाव तिला. मॅडम, पाठीवर हळू थोपटा आणि मी गुणगुणते तसं गुणगुणा."

आठवडाभर हमिदाबींनी आईला रोज शिकवलं.

मग फोन यायचे थांबले. महिनाभराने हमिदाबी फोन दुकानात घेऊन गेल्या.

"चाची, याला काही झालेलं नाही," दुकानदार म्हणाला.

"पुन्हा एकदा बघ," हमिदाबी म्हणाल्या.