आरशातला नकाशा

"समुद्र उजवीकडेच आहे," आई म्हणाली आणि वकीलबाईंच्या भांगावर रंगाचा ब्रश फिरवला.

"आई, डावीकडे आहे," धाकटी म्हणाली. "तू नकाशा आरशात बघतेस."

पार्लरमध्ये दुसरं काय होणार! फोन मागच्या फळीवर टॉवेलांच्या चळतीला टेकवलेला, आई गिऱ्हाइकाच्या मागे उभी, तोंड आरशाकडे. येमेनवरचा तो ऑनलाइन कोर्स पहिल्या दिवसापासून ती असा उलटाच पाहत आली होती. शिकवणाऱ्या मॅडम त्याच देशातल्या, पण कॉलेज इकडे केल्यामुळे मराठी येणाऱ्या, इतिहासाच्या नावाजलेल्या अभ्यासक, आता दूरच्या एका शहरात राहणाऱ्या. बंदराच्या नाकेबंदीवर त्या इतकं छान बोलल्या की आई एका गिऱ्हाइकाचा रंग धुवायचाच विसरली. ती बिचारी कोळशासारखं काळंभोर डोकं घेऊन घरी गेली.

आईला इतिहासाचं वेड होतं असं मुळीच नाही. धाकटी नर्स होती आणि येमेनमधल्या एका इस्पितळात कामाला जायचं तिने पक्कं केलं होतं. तिला अडवायचं तर तिथलं वाईट ते सगळं आपल्याला तोंडपाठ हवं, म्हणून आईने कोर्सला नाव घातलं. बॉम्ब झाले, कॉलरा झाला, औषधांची टंचाई झाली. रोज जेवायला बसलं की आईकडे नवा मुद्दा तयार. पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. धाकटी शांतपणे जेवत राही आणि म्हणे, "म्हणूनच तर चाललेय."

शेवटी मायलेकींची पैज लागली. आज शेवटचा तास होता आणि मॅडम प्रश्न घेणार होत्या. आईने एकच प्रश्न विचारायचा. उत्तर 'नाही' आलं तर धाकटीने जायचं नाव काढायचं नाही. 'हो' आलं तर आईने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

"हो किंवा नाही, एवढीच वाट मोकळी ठेवा," डोक्याला रंग लावून बसलेल्या वकीलबाईंनी सल्ला दिला. "तुम्ही तुमची मुलगी पाठवाल का? संपलं. पुढेमागे काही जोडू नका."

"वकीलबाई, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?" धाकटीने विचारलं.

"माझं डोकं सध्या तुझ्या आईच्या हातात आहे, बाळ."

तेवढ्यात मॅडमनी आईचं नाव पुकारलं. आईचे हातमोजे रंगाने बरबटलेले, म्हणून धाकटीनेच फोन उचलला आणि तिच्यासमोर धरला. इतके दिवस आरशात पाहिलेला मॅडमचा चेहरा आईने पहिल्यांदाच सरळ पाहिला. भांग दुसऱ्याच बाजूला होता. चेहराही तिला वाटला होता त्यापेक्षा थकलेला होता.

"माझी मुलगी नर्स आहे. तुमच्याकडे निघालीय कामाला," आई म्हणाली. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. एवढं बोलायचं ठरलं नव्हतं. "तुम्हाला मुलगी असती, तर तुम्ही पाठवली असती का?"

मॅडमनी पुढ्यातले कागद बाजूला सारले.

"नाही," त्या म्हणाल्या. "खरं सांगते, नसती पाठवली."

आई जिंकली. धाकटीचा फोन धरलेला हात जरा खाली आला, मग तिने तो पुन्हा नीट वर धरला.

"पण माझी आई तिथंच आहे," मॅडम पुढे बोलत होत्या. "घर सोडायला तयार नाही. मूत्रपिंडं गेलीत तिची, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेतात. तिची शीर कुणाला धड सापडत नाही, सगळा हात काळानिळा होतो. एक नर्स आलीय बाहेरून, तिला सापडते. ती असली की आई त्या दिवशी माझ्याशी फोनवर हसून बोलते. ती कुणाची मुलगी, मला ठाऊक नाही. पण तिच्या आईनं माझ्यासारखा विचार केला नाही. त्या बाईंचे आभार मानायचे राहिलेत माझे. त्या काही मला भेटायच्या नाहीत. तुम्ही भेटलात. तुमचे मानले तर चालेल?"

आई फोनच्या आणखी जवळ सरकली. इतक्या धड्यांत इतकी माणसं मेली, पण शीर न सापडणारी म्हातारी तिला आज भेटली होती. भीती होती तिथेच होती, तसूभर हलली नव्हती. तरी समोरच्या त्या थकलेल्या बाईबद्दल तिला फार माया वाटली.

"आभार कसले," ती कशीबशी म्हणाली. "तुम्ही फार मनापासून शिकवलंत. मी जन्मभर विसरायची नाही."

धाकटीने फोन बंद करून फळीवर ठेवला.

"नियमाप्रमाणे तुम्ही जिंकलात," वकीलबाई हळूच म्हणाल्या. "त्या नाही म्हणाल्या."

"ऐकलं मी."

आईने वकीलबाईंचा रंग धुतला, या खेपेला वेळेवर. डोक्याला टॉवेल गुंडाळून त्यांना बाकावर बसवलं. हातमोजे काढले, खुर्ची झटकली आणि धाकटीला खुणेने बसायला सांगितलं. धाकटीचे केस कमरेपर्यंत होते. लहानपणापासून आईशिवाय कुणाची कात्री त्यांना लागली नव्हती, आणि आईचीही कधी टोकांच्या वर गेली नव्हती.

"पैज तू जिंकलीस," धाकटी आरशातल्या आईला म्हणाली. "आता काय?"

आईने तिची वेणी मानेपाशी मुठीत धरली आणि दुसऱ्या हाताने कात्री उचलली.

"मान खाली घाल," ती म्हणाली. "तिथं पाण्याचे हाल आहेत. एवढे केस धुणार कशानं? दुसऱ्याच धड्यात सांगितलं होतं त्यांनी."