शेवटचं प्रकरण

अर्धांगवायूनं काकासाहेब गुरुजींची वाचा गेली, तेव्हापासून सून भावनाच त्यांना रोज दुपारी पुस्तक वाचून दाखवायची. आष्टीभर तिचं कौतुक होतं.

गुरुजींचे जुने विद्यार्थी रामप्रसाद मास्तर भेटायला आले. "सध्या काय वाचून राह्यली, भावना?"

"तीच जाड कादंबरी. लई अवघड जातीय. एकच प्रकरण राह्यलंय."

"मंग सोडू नको. अवघड पुस्तक नेटानं पुरं करावं, हे गुरुजींनीच शिकवलं आम्हाला."

मास्तर गेले. भावनानं याही वेळी शेवटचं प्रकरण न वाचताच पुन्हा पहिलं पान उघडलं. गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. तिनं ते पदरानं हळूच टिपलं.

"मला बीएच्या शेवटच्या वर्षाला घरी बसवताना तुम्हीच म्हणल्ते ना मामा, शेवट राह्यला तर काय बिघडतं?"